मीटर खरं होतं

बॉनेटवर हात ठेवला तर ते कोमट लागलं. जानेवारी २०२५, सकाळचे आठ, अंगात स्वेटर, आणि गाडी मात्र उबेला आलेली. "तुमी येनार म्हून गरम करून ठेवली," पाटील म्हणाले. चांगुलपणानेच म्हणाले असतील. पण जुनी डिझेल गाडी पाहायला जाणाऱ्याला गरम इंजिन म्हणजे आंघोळ घालून, पावडर लावून दाखवलेली म्हैस. थंड असताना ती काय करते, तेच तर पाहायचं असतं.

मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक ट्रेडचा शिल्प निदेशक आहे, यवतमाळ जिल्ह्यात. ही गोष्ट माझ्या साळ्याच्या गाडीची. पोरांना वर्गात तीन वेळा सांगून झाली, म्हणून एकदा पूर्ण लिहून काढतो. गाडी विकणाऱ्या पाटलांचं गाव कारंजा लाडजवळचं आहे. गावाचं नाव आणि गाडीचा मेक मुद्दाम सांगत नाही. त्या भागात तशा दोनच गाड्या आहेत, मालक लगेच ओळखू येईल. युरोपी घडणीची, दोन लिटर टर्बो डिझेल, सहा गिअरची मॅन्युअल सेदान, एवढं पुरे.

गाड्यांचा हा वर्ग वाचकांना माहीत असेलच. स्कोडाची ऑक्टाव्हिया दोन लिटर डिझेल, ताकद १४३ पीएस आणि टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, ३२० एनएम. फोक्सवॅगन जेट्टाची दोन लिटर, १४० पीएस, टॉर्क तेवढाच. ऑक्टाव्हियाच्या आधीची लॉरा. शेवरलेट क्रूझ तर १६६ पीएसपर्यंत गेलेली. घरात म्हातारी माणसं, दोन लेकरं, डिकीत तुरीचं अर्धं पोतं, आणि पायाखाली असं इंजिन की समृद्धीवर १२० कधी झाले ते कळू नये. १ एप्रिल २०२० ला प्रदूषणाचे बीएस-६ निकष आले आणि यातल्या बहुतेकांनी भारतात डिझेल बंदच केलं. क्रूझवाली कंपनी तर २०१७ च्या शेवटी देशातली विक्रीच थांबवून गेली. त्यामुळे आता ही चव जुन्या बाजारातच मिळते. दहा वर्षांपूर्वी अठरा-वीस लाखांची असलेली गाडी पाच-सहा लाखांत दिसते आणि माणूस पाघळतो.

साळाही पाघळला. घरी बावीस एकर, कापूस आणि तूर. कापूस खरेदी करणाऱ्या सरकारी सीसीआयचे चुकारे खात्यात जमा झाले होते. मालकाने मागितले ५,७५,०००. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ होता, म्हणजे गाडी पाऊणशे क्विंटलांहून जास्त कापसाची. हा हिशेब मी त्याला घरीच करून दाखवला. तो म्हणाला, "भाऊजी, कापूस दरवर्सी होते, अशी गाडी दरवर्सी नाई भेटत."

खरं तर एक दुसरी गाडी होती. त्याच मॉडेलची, त्याच वर्षाची, नागपूरला. औषध कंपनीत फिरतीची नोकरी असलेल्या माणसाची, १,४६,००० किलोमीटर चाललेली. सगळी बिलं फाईलला लावलेली, टायमिंग बेल्ट १,२०,००० ला बदललेला, मागितलेले ५,२०,०००. मी म्हणालो, ही घे. त्याने आकडा ऐकला आणि हसला. "दीड लाख चाललेली घेतली त गावात लोकं हासतीन." गावात नवी-जुनी कोणतीही गाडी आणली की पहिला प्रश्न 'किती चालली?' हाच असतो, हे मलाही नाकारता आलं नाही. पाटलांच्या गाडीचं मीटर ७८,२०० वर होतं.

कागद

आधी कागद उरकू, कारण त्यात फारसं नाट्य नव्हतं. गाडी एमएच-१२, म्हणजे पुण्याची. नोंदणी ऑगस्ट २०१५, म्हणजे खासगी गाडीची पंधरा वर्षं ऑगस्ट २०३० ला संपणार. पुढे फिटनेस, पाच वर्षांसाठी नूतनीकरण आणि पर्यावरण कर. पाटील दुसरे मालक, २०२१ पासून. आरसीवर पहिल्या मालकाच्या बँकेचा बोजा अजून तसाच. कर्ज कधीच फिटलं होतं, पण फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र देऊन तो काढायचा राहून गेला. व्यवहारात हे बारीक वाटतं, पण बोजा निघाल्याशिवाय नाव बदलत नाही. ई-चलान दोन, दोन्ही वेगाचे. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची असल्याने नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवायची बाकी.

नाव बदलण्याबाबत एकच सांगतो, कारण खेड्यात इथेच सगळ्यात जास्त ढिलाई होते. टीटीओच्या, म्हणजे मालकी बदलण्याच्या, २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवायच्या आणि 'जाऊ कधी आरटीओत' म्हणून वर्ष घालवायचं. कायद्यात विकणाऱ्याला राज्यातल्या राज्यात १४ दिवस आणि घेणाऱ्याला ३० दिवस आहेत. मधल्या काळात अपघात झाला तर नोंदीवर ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. म्हणजे ही काळजी विकणाऱ्याने जास्त करायची. पाटलांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा सावरून बसले. विम्यातला नो क्लेम बोनस गाडीसोबत येत नाही, तो जुन्या मालकाचा असतो, हे ऐकून साळ्याचं तोंड पडलं. त्याने तो हिशेबात धरला होता.

कंपनीच्या सर्व्हिसची नोंद पुण्यात शेवटची २०२१ ची, ७१,३०० वर. म्हणजे गावात आल्यापासून चार वर्षांत गाडी जेमतेम सात हजार चाललेली. सीटबेल्टच्या पट्टीवरचा शिक्का २०१५ चा, काचांवरचं साल तेच, ब्रेकच्या पेडलचं रबर आणि स्टिअरिंगचं चामडं या आकड्याला शोभेल एवढंच झिजलेलं. मीटर मागे घेतलेलं नव्हतं. साळा माझ्याकडे विजयाने पाहत होता. घोळ तिथेच होता, पण तो कळायला आणखी दोन फेऱ्या लागल्या.

पहिली फेरी

इंजिन गरम, म्हणून थंड स्टार्ट बाद. मग जे गरम गाडीतही दिसतं ते पाहायला घेतलं. मी दोन पोरं सोबत नेली होती, दुसऱ्या वर्षाची. एकाला गाडीखाली घातलं. तो खालूनच ओरडला, "सर, चेंबरले घासा लागल्या हायत." या गाड्यांची जमिनीपासूनची उंची आपल्या पांदणीसाठी नाहीच. खालचं प्लास्टिकचं गार्ड अर्धं तुटलेलं, आणि अॅल्युमिनिअमच्या ऑइल चेंबरला जुना ओरखडा. गळती नव्हती. "वावरात नाई नेत कधी," पाटील म्हणाले. चाकाच्या वरच्या कमानीत काळी माती इतकी घट्ट बसलेली होती की पोराला ती स्क्रू ड्रायव्हरने खरवडावी लागली.

खालच्या आर्मचे बुश चिरलेले. टायरवर नक्षी भरपूर, जवळजवळ नव्यासारखी. पण कडेवर चार आकडी शिक्का ३२१७. म्हणजे २०१७ सालचा ३२ वा आठवडा. साडेसात वर्षांचं रबर, उन्हात आणि कोठ्याच्या सावलीत उभं राहून वाळलेलं, नखाने दाबलं तर कडक. मीटर कमी असलं की टायर चांगले दिसतात, आणि दिसतात म्हणून माणूस शिक्का पाहत नाही. समृद्धीवर टायर फुटण्याचे किस्से विदर्भात सगळ्यांना तोंडपाठ आहेत, तरी शिक्का वाचता येणारा माणूस दहात एक निघतो.

बॉनेटखाली उंदरांनी संसार थाटलेला होता. इंजिनच्या वरच्या झाकणाच्या फोममध्ये घरटं, त्यात कापूस. वाडा कापसाने भरलेला असेल तर उंदराला गादी कुठून मिळते हे वेगळं सांगायला नको. एसीच्या फिल्टरमधून पोराने मूठभर सरकी आणि तुरीचे दाणे काढले. एका वायरला काळी टेप गुंडाळलेली, ती कुणी गुंडाळली हे कुणालाच आठवेना. कूलंटच्या टाकीत गुलाबी पाण्याऐवजी चहाच्या रंगाचं पाणी, आणि टाकीच्या आतून क्षाराची पांढरी रेघ. विहिरीचं पाणी टाकत होते. आपल्याकडचं पाणी कुकरमध्ये जे थर धरतं तेच ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतं, आणि मे महिन्यात ४५ अंशांत त्याची वसुली होते.

मग मी स्कॅनर लावला. हजार-दीड हजाराचं छोटं ब्लूटूथ यंत्र आणि मोबाइलवर अॅप. एकही कोड नाही. सगळं स्वच्छ. साळा म्हणाला, "पाहा." पण त्याच अॅपमध्ये एक ओळ असते जी फारसं कुणी उघडत नाही: कोड मिटवल्यानंतर गाडी किती चालली. तिथे आकडा होता ११.

मी पाटलांच्या मुलाला विचारलं, कारंजा इथून किती लांब? तो म्हणाला, अकरा. आणि मग गप्प झाला. थोड्या वेळाने त्यानेच सांगितलं, की आदल्या दिवशी कारंज्याच्या इलेक्ट्रिशियनकडे 'बत्ती बंद करून' आणली होती. पोरगा खोटं बोलणारा नव्हता. बत्ती लागते, बत्ती बंद करायची असते, यापलीकडे त्या दिव्याचा काही अर्थ असतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

बत्ती कशाची होती ते पाहायला आम्ही कारंज्याहून समृद्धीवर चढलो. मुलगा बाजूला, साळा मागे. ऐंशीवर चौथा गिअर टाकून पाय पूर्ण खाली दाबला. गाडी सुटली, काय सुटली! तीन हजार आरपीएमच्या आसपास मात्र कुणी मागून कासरा ओढावा तशी थांबली. इंजिनचा पिवळा दिवा पेटला. पाय कितीही दाबा, गाडी साध्या टर्बो नसलेल्या इंजिनासारखी रांगत होती. समृद्धीवर उभं राहायचं नसतं, म्हणून डाव्या लेनमधून ऐंशीने पुढच्या इंटरचेंजपर्यंत गेलो, खाली उतरून चावी बंद-चालू केली. ताकद परत आली. अॅपमध्ये कोड: पी०२३४, ओव्हरबूस्ट.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. या इंजिनांत टर्बोला हलत्या पात्या असतात. कमी वेगात पात्या आवळून हवा जोरात फिरवायची, जास्त वेगात उघडून दाब सोडायचा. पात्यांवर काजळी साठली की त्या अडकतात. उघडायच्या वेळी उघडल्या नाहीत की दाब मर्यादेबाहेर जातो, आणि कॉम्प्युटर इंजिनाला वाचवायला ताकद कापतो. यालाच लिंप मोड म्हणतात. काजळी कुणाच्या गाडीत साठते? जो रोज घर ते दूध डेअरी, डेअरी ते बस स्टँड, चार किलोमीटर, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये फिरतो त्याच्या. इंजिन नीट तापत नाही, पात्या पूर्ण टोकापर्यंत कधी हलत नाहीत, ईजीआर व्हॉल्व्ह धूर परत आत ढकलत राहतो. नागपूरवाल्याची गाडी फिरतीत हायवेवर भाजून निघत होती. सात हजार किलोमीटर गावातले हे सत्तर हजार हायवेवरच्यांपेक्षा वाईट असू शकतात. मी त्या दिवशी पहिल्यांदा साळ्याला हे सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पण पटलं नाही.

क्लचची गोष्ट दोन ओळींत: सहाव्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमवर दाबून पाहिलं, घसरला नाही, इंजिन बंद करताना खडखड नाही, म्हणजे ड्युअल मास फ्लायव्हीलही ठीक.

दुसरी फेरी: नरसाळं

चार दिवसांनी पहाटे गेलो, न सांगता. म्हणजे सांगितलं, पण निघाल्यावर. इंजिन थंडगार. ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबून चावी फिरवली. सुरू झाली, पण लगेच नाही; तीन-चार सेकंद स्टार्टर खेचत राहिला, मग एक सिलिंडर उशिरा जागा झाल्यासारखा पहिल्या अर्ध्या मिनिटात हिसके. पांढरा धूर, नंतर गेला. इंजेक्टरच्या मुळाशी डांबरासारखा काळा थर नव्हता, तिथून फुसफुस नव्हती. म्हणजे वॉशर बरे होते. मग उशीर कशाचा?

स्टेपनी पाहायला डिकी उघडली. खरं तर मी तिथे पुराची खूण शोधत होतो. २३ सप्टेंबर २०२३ ला नागपुरात अंबाझरीचं पाणी वस्त्यांत शिरलं, शेकडो गाड्या बुडाल्या, आणि त्यातल्या काही धुऊन-पुसून बाजारात आल्या. ही पुण्याची असली तरी सवय म्हणून पाहतो. स्टेपनीच्या खळग्यात गाळाची रेघ आहे का, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर पट्ट्यावर मातीचा पट्टा दिसतो का, सीटच्या रुळांना गंज आहे का. तसं काही नव्हतं. होतं एक नरसाळं. लाल प्लास्टिकचं, तोंडाला जुन्या धोतराचं फडकं बांधलेलं, डिझेलचा वास मारणारं.

मी विचारलं नाही, पाटीलच म्हणाले, "पंप चौदा किलोमीटर हाय. बॅरल घरीच हाय ना ट्रॅक्टरचा."

कोठ्याच्या कोपऱ्यात दोनशे लिटरचं पिंप, उभं. झाकणावर विळा ठेवलेला. अर्धं भरलेलं.

आमच्या कार्यशाळेत मी पोरांना जुना ट्रॅक्टर पंप आणि कॉमन रेलचा इंजेक्टर शेजारी शेजारी ठेवून शिकवतो. ट्रॅक्टरचा जुना इंजेक्टर दोनशे-अडीचशे बार दाबावर उघडतो. या गाडीच्या रेलमध्ये, म्हणजे चारही इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, अठराशे बारपर्यंत दाब असतो, आणि आतल्या भागांमधली मोकळीक काही मायक्रॉनची. तो दाब तयार करणाऱ्या पंपाला वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्याचं वंगण. पाणी आलं की वंगण गेलं. आधी गंज, मग ओरखडे, आणि पंप चुरला तर त्याचा धातूचा कीस रेलमधून चारही इंजेक्टरांत. तेव्हा एकेक भाग बदलून भागत नाही. टाकीपासून टोकापर्यंत सगळं. अर्ध्या पिंपात दिवसा गरम हवा आणि रात्री थंडी, आतल्या पत्र्यावर दव धरतं, खाली उतरतं. ट्रॅक्टर ते पचवतो. फडक्याने कचरा गाळला जातो, पाणी नाही.

पाटलांची परवानगी घेऊन पोराने डिझेल फिल्टरच्या तळाचं डिझेल सिरिंजने काढलं आणि पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत टाकलं. बाटली ओट्यावर ठेवली. चहा झाला. पाणी डिझेलपेक्षा जड, ते खाली बसतं, त्याला वेळ द्यावा लागतो. चहा संपेपर्यंत बाटलीत दोन थर झाले होते: वर पिवळसर, खाली दोन बोटं गढूळ पाणी, आणि त्या पाण्याच्या तळाशी गंजाची तांबूस कणी. पाटलांनी बाटली उचलून उन्हात धरली, फिरवून पाहिली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डिझेल त डिझेल असते मास्तर. ट्रॅक्टरले चालते त ईले काऊन नाई चालत?"

हा प्रश्न खोटा नाही. गाडीसोबत कुणी सांगत नाही की हिला घरचं चालणार नाही.

तिसऱ्यांदा गाडी यवतमाळला एका डिझेल लॅबमध्ये नेली. पाटलांचा मुलगा चालवत आला, खर्च साळ्याचा. चार इंजेक्टरांच्या रिटर्न नळ्यांना चार बाटल्या लावून इंजिन आयडलवर ठेवलं. तीन बाटल्या जवळपास सारख्या भरल्या, तिसऱ्या सिलिंडरची जवळजवळ दुप्पट. म्हणजे तो इंजेक्टर आतून झिजून डिझेल परत सोडत होता, आणि थंडीत रेलचा दाब वेळेवर उभा राहत नव्हता. सकाळचे ते तीन-चार सेकंद तिथे जात होते. पंपाजवळच्या फिल्टरमध्ये धातूचा कीस सापडला नाही. हे मी दोनदा पाहायला लावलं. कीस असता तर साळ्याचे हात बांधून घरी आणलं असतं.

भाव

एक बाजूची गोष्ट. याच काळात साळ्याच्या एका मित्राने दिल्ली पासिंगच्या गाड्यांच्या जाहिराती पाठवायला सुरुवात केली. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्लीत तेव्हा बंदी होती, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तीच कायम ठेवलेली, म्हणून तिकडून गाड्या स्वस्तात बाहेर पडत होत्या. स्वस्त असतात, पण त्यासोबत तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला कर, नवा नंबर, आणि इतिहास तपासायला हजार किलोमीटर. मी त्याला फोनवर एकच विचारलं: बाटली कोण धरणार? त्याने जाहिराती पाठवणं बंद केलं.

आणखी एक, जे या वर्गाच्या गाड्यांत पाहायलाच हवं. डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन गटाने भारतात ३,२३,७०० डिझेल गाड्या परत बोलावत असल्याचं जाहीर केलं होतं, प्रदूषण चाचणीत धूर कमी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे. २००८ ते २०१५ मधली या गटाची गाडी घेत असाल तर चेसिस नंबरवरून ते काम झालंय का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारून घ्यावं. उत्तर दोन मिनिटांत मिळतं.

मी एका वहीच्या पानावर खर्च मांडला. टायमिंग बेल्ट किलोमीटरवर अजून नव्हता आला, पण तो वयावरही जातो, आणि साडेनऊ वर्षांचा रबरी पट्टा तुटला तर या इंजिनात पिस्टन व्हॉल्व्हला भिडतो. म्हणून बेल्ट, वॉटर पंपासह. चार टायर. इंजेक्टर, एक की चार ते सांगता येत नव्हतं. टर्बो, सफाई की नवा तेही नाही. बुश, कूलंट, ऑइल, सगळे फिल्टर, टाकी उतरवून धुणं. बेरीज दीड ते दोन लाख. साळ्याला म्हणालो, चार लाखांच्या वर जाऊ नको, आणि खरं तर नागपूरची घे.

पाटलांना पान दाखवलं. ते चिडले नाहीत, पण दुखावले. "मीटर त पाहा," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. शेवटी बाटलीनेच काम केलं. ती त्यांनी फेकली नव्हती. ओट्यावर तशीच होती, पाणी खाली आणि डिझेल वर. सौदा ४,३५,००० ला तुटला. पस्तीस हजार जास्त गेले असं मी म्हणेन, साळा म्हणतो एक लाख चाळीस हजार वाचवले. बोजा काढून नाव होईपर्यंत पन्नास हजार राखून ठेवायचे ठरले, आणि ते ठरलं तसं पाळलंही गेलं.

पुढचे सात महिने

आता मी काय बरोबर सांगितलं आणि काय चुकलो ते.

बेल्ट आणि वॉटर पंप, ३१,०००. उतरवलेल्या बेल्टला आतून बारीक भेगा होत्या. टायर ३४,४००. टाकी धुऊन, फिल्टर बदलून दोनशे किलोमीटर चालवली, तरी तिसरा इंजेक्टर सुधारला नाही. तो एकच बदलला, २७,०००. बाकीचे तीन अजून चांगले आहेत. मी चारही जातील असं धरलं होतं, ते चुकलं. टर्बो नवा लागेल असंही मला वाटत होतं. तो उतरवून पात्या साफ करून १४,००० मध्ये निभावलं, आणि त्यानंतर साळ्याला मी सक्त ताकीद दिली की आठवड्यातून एकदा तरी दारव्ह्याच्या रस्त्यावर वीस मिनिटं गाडी नीट पळव. ही ताकीद त्याने फार आनंदाने मानली. बुश १६,५००. कूलंट, ऑइल, फिल्टर वगैरे १३,८००.

आणि जे मी पाहिलंच नाही ते म्हणजे चावी. पाटलांनी एक चावी दिली. दुसरी पुण्याच्या पहिल्या मालकाकडे असेल, म्हणाले, नव्हती. या गाड्यांची चावी म्हणजे टपरीवर कापून मिळणारा लोखंडाचा तुकडा नसतो, तिच्यातली चिप इमोबिलायझरशी जुळावी लागते. तिसऱ्या महिन्यात साळ्याची चावी फवारणीच्या टाकीत पडली. गाडी टोइंगवर नागपूरला गेली आणि चावी येईपर्यंत एकोणीस दिवस तिथे उभी राहिली. १९,५०० चावीचे, टोइंग वेगळं. मी इंजेक्टरचे मिलिलिटर मोजत बसलो होतो, आणि 'दुसरी चावी दाखवा' हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. साळ्याची बायको हे मला प्रत्येक सणाला ऐकवते.

टोइंग सोडून बेरीज १,५६,२००. गाडी घरात पडली ५,९१,२०० ला, म्हणजे पाटलांनी पहिल्यांदा मागितलेल्या रकमेपेक्षा १६,२०० जास्त. नागपूरची १,४६,००० वाली कुणी घेतली ते मला माहीत आहे, कारण ती अधूनमधून आमच्या आयटीआयच्या समोरून जाते. मी तिच्याकडे पाहत नाही.

पण गाडी आता चालते, यात शंका नाही. सकाळी अर्ध्या सेकंदात सुरू होते. जूनमध्ये आम्ही सगळे शेगावला गेलो, मागे सासूबाई झोपून, आणि साळा एकदाही मागे वळून म्हणाला नाही की भाऊजी, आवाज येऊन रायला का? कॉम्प्युटरवर कोड नाहीत, आणि कोड मिटवल्यानंतरचं अंतर चार हजारांच्या वर गेलंय. मी दर भेटीत ते उघडून पाहतो.

पोळ्याला सासुरवाडीला गेलो होतो. बैल सजवून झाले होते, गाडी कोठ्याच्या शेजारी, उंदरांसाठी बॉनेटखाली डांबराच्या गोळ्या बांधलेल्या. डिझेलचा काटा पाव टाकीवर होता आणि साळा पंपावर निघाला. जवळचा पंप त्याच्याही गावापासून बारा किलोमीटर. सासरे ओट्यावर बसून शिंगांना लावून उरलेला हिंगूळ पुसत होते. त्यांनी कोठ्याकडे बोट दाखवलं. तिथे निळं पिंप, दोनशे लिटरचं, पेरणीसाठी भरलेलं. "घरी एवढं भरून हाय न् पंपावर कायले जाता?" ते मला म्हणाले, पोराला नाही. बाजूलाच भिंतीला खिळ्यावर नरसाळं टांगलेलं होतं, पांढऱ्या प्लास्टिकचं, त्याला फडकंही नव्हतं.